विहिरीचं पाणी तपासताना नमुना नीट घ्या

पाणी नितळ आहे, वास नाही, चवही छान, म्हणून विहीर निर्धोक समजू नका. वर्षातून एकदा, शिवाय पूर ओसरल्यावर किंवा विहिरीचं काम झाल्यावर, कोलिफॉर्म चाचणी (विष्ठेतून आलेल्या जंतूंचा माग काढणारी तपासणी) करून घ्या. पिण्याच्या 100 मिली पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू अजिबात आढळता कामा नये. आढळला तर माणसाची किंवा जनावराची विष्ठा कुठून तरी पाण्यात उतरतेय.

बरेच घोळ नमुना घेतानाच होतात. प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरा आणि ती विसळू नका. आत बहुधा क्लोरीन निष्प्रभ करणारा पदार्थ घातलेला असतो. नळाची जाळी काढा, पाणी काही मिनिटं वाहू द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बाटली थंड ठेवा आणि 24 तासांच्या आत पोहोचवा. घरातली धुतलेली बाटली, कितीही स्वच्छ असली तरी, चालत नाही.

अहवाल वाईट आला तर पिण्याचं पाणी खळखळून 1 मिनिट उकळा, 2000 मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर 3 मिनिटं. नुसतं फडक्याने गाळून भागत नाही. (उकळून जंतू मरतात, नायट्रेटसारखं विरघळलेलं रसायन मात्र जात नाही.)

विहिरीत क्लोरीन टाकण्याआधी कारण शोधा: तडकलेला कठडा, उघडं तोंड, जवळचा शोषखड्डा. ते तसंच राहिलं तर जंतू पुन्हा येणारच. फेरचाचणी क्लोरीन पूर्ण निघून गेल्यावर, साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी करा. त्याआधीचा चांगला अहवाल फसवा असतो.