पाळीचं दुखणं: दवाखान्यात जाण्याआधी आणि गेल्यावर

पाळीत दुखायचंच, म्हणून अंगावर काढलं जातं. पण दर महिन्याला शाळा किंवा द्राक्षबागेतला रोज बुडत असेल, तर तपासायलाच हवं. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, आतड्यावर वाढतात, तिथे दाह होतो आणि अवयव एकमेकांना चिकटतात. साधारण दहांतल्या एकीला हा त्रास असतो.

दोन-तीन पाळ्या कॅलेंडरवर नोंदवा: दुखणं ० ते १० पैकी किती, कोणत्या दिवशी, किती गोळ्या लागल्या. शौचाला, लघवीला किंवा संबंधांच्या वेळी दुखतं का, हेही लिहा. लाजेपायी नेमकं हेच राहून जातं. नुसतं ‘ओटीपोट दुखतं’ म्हटलं, की बरेचदा जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक हातात पडतं.

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांचं हेच झालं. हा सुखवस्तू गोऱ्या बायकांचा आजार, असा डॉक्टरांचाच समज होता. १९७६ मध्ये डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी दाखवून दिलं, की जंतुसंसर्गाचा शिक्का बसलेल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस होता. तरी २०१९ च्या एका आढाव्यातही त्यांच्यात या निदानाचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा बरंच कमी दिसलं. शोधलंच नाही तर सापडणार कुठून? नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याहून सिव्हिल हॉस्पिटलला येणाऱ्या बाईनेही म्हणून स्पष्ट विचारावं: ‘एंडोमेट्रिओसिस असू शकतो का?’ जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असं नव्हे. चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ, दिसते; या पेशींचे बारीक डाग दिसत नाहीत. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत जास्त कळतं. ती नको असेल तर एमआरआयचा पर्याय असतो. सीए-१२५ या रक्ततपासणीवर निदान ठरत नाही. उपचार सुरू करायला दरवेळी पोटातून दुर्बीण घालून तपासणी लागतेच असंही नाही.

वेदनाशामक गोळी दुखणं सुरू होताच, जेवणानंतर घ्यावी. कळ असह्य झाल्यावर तिचा उपयोग कमी. अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी दिली तर रोज २ मिलिग्रॅम, ठरल्या वेळी. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून रक्ताचे डाग पडतात आणि बऱ्याचजणी तिथेच गोळी सोडतात. मूल हवं असेल तर आधीच सांगा, कारण या गोळीने बीज तयार होणं बहुधा थांबतं. तरी गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर विसंबू नका.

‘लग्न झालं की थांबेल’ हा काही उपचार नव्हे. ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला, तर सही करण्याआधी विचारा: पिशवीबाहेरचे आजाराचे डाग काढणार का, अंडाशय ठेवणार का? ते डाग राहिले तर पिशवी जाऊनही दुखणं राहू शकतं.