टिनपत्रे काढल्यावर जुनं काम उघडं पडतं : या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घराचे टिनपत्रे बदलायला काढले. मृगाच्या आधी दोन दिवसांत आटोपेल असा हिशेब होता. पहिला पत्रा निघाला आणि भिंतीत शिरलेल्या वाशाचं टोक दिसलं. हाताने दाबलं तर आत पोकळ. उधईने वरची साल तेवढी ठेवली होती.

तोवर आम्ही सगळं छप्पर उघडं केलं होतं, ही पहिली चूक. एकच पाखं, म्हणजे छपराची एकच उतरती बाजू उघडा, खाली काय आहे ते पाहा, मगच लाकूड किंवा पाइप मागवा. वाढीव कामाची मजुरीही पत्रे काढण्याआधीच ठरवा. आणि मेन स्विच बंद करूनच वर चढा. आमच्याकडे जुनी वायर पत्र्याला घासून सोलली होती.

दुसरी चूक जुन्याच वाशांवर नवे पत्रे ठोकण्याची. मिस्त्री म्हणाला, "चालते ना भाऊ, पाच-सात वर्षं काही होत नाही." मी ऐकलं नाही. वासा मधोमध ठणठणीत वाटतो, पण मातीच्या भिंतीतल्या टोकाला ओल धरते, हवा लागत नाही आणि उधई भिंतीतूनच वर येते. प्रत्येक टोकात पेचकस खुपसून पाहा.

सगळ्यात जास्त काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आमचं छप्पर भिंतीला कुठेच बांधलेलं नव्हतं, नुसतं टेकवलेलं होतं, वर गोटे ठेवलेले. गावागावांत हेच दिसतं. वादळात वारा वळचणीखालून शिरून वर ढकलतो, वरचा वारा पत्रा ओढतो, आणि तेच गोटे झोपलेल्या माणसांवर पडतात. भिंतीचा माथा उघडा आहे तोवरच दोन-तीन फूट खोल सळई चिणून घ्या आणि छपराचा सांगाडा तिला पक्का करा. पत्रे बसल्यावर हे काम होत नाही.

गळतीचं कारण मात्र साधं होतं. नालीदार पत्र्याला भोकं खोलगट भागात पाडली होती, जिथून पाणी वाहतं. ती उंचवट्यावर हवीत, रबरी वायसरसकट. वरच्या-खालच्या पत्र्याचा जोड जेमतेम दोन इंच होता, तो निदान सहा इंच ठेवा. भेगांत सिमेंट भरलं होतं. आपल्या उन्हात बारा फुटी पत्रा दिवसरात्रीत दीड-दोन मिलिमीटर लांबतो, आखडतो. सिमेंट तडकणारच, शिवाय ओलं सिमेंट जस्ताचा थर खातं. पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणून पत्रे पूर्वेकडून बसवत या, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही.

शेवटचे पैसे देण्याआधी पाणी टाकून पाहा. खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर सरका, एक माणूस घरात उभा ठेवा. एकदम आढ्यावरून ओतलं, तर नेमकं कुठून गळतं ते कळत नाही.