विंडोज पुन्हा टाकताय? या चुका टाळा, फायली वाचतील

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हापासून ठाण्या-वाशीतली ओळखीची मंडळी भेटली की विचारतात, "विंडोज नव्याने टाकलं तर फोटो जातील का हो?" फोटो बहुतेक वेळा वाचतात. जातो तो टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, सोसायटीच्या बिलांचा हिशेब, पत्रिका छापणाऱ्याचे फॉन्ट. आपण ज्याला आपल्या फायली म्हणतो आणि विंडोज ज्याला म्हणतं, त्यात फरक आहे. बहुतेक नुकसान तिथेच होतं.

‘कीप माय फाइल्स’वर डोळे झाकून विसंबणं

रीसेट करताना, म्हणजे सेटिंग्जमधूनच विंडोज नव्याने टाकताना, ‘कीप माय फाइल्स’ निवडलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स राहतात. पण टाकलेली सॉफ्टवेअर्स निघून जातात, आणि त्यांच्यासोबत विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स, प्रोग्रॅमडेटा आणि ॲपडेटा या फोल्डरांतला मजकूरही. ॲपडेटा लपलेलं असतं. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू केल्याशिवाय दिसत नाही. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, स्टिकी नोट्स, आउटलुकच्या ईमेल साठवणाऱ्या काही जुन्या पीएसटी फायली तिथे असतात. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांची कित्येक जुनी सॉफ्टवेअर्स तर डेटाबेस थेट प्रोग्रॅम फाइल्समध्येच ठेवतात. सेक्रेटरीकाकांनी डेस्कटॉपवर बनवलेला शॉर्टकट कॉपी करून ‘बॅकअप घेतला’ म्हणू नये. शॉर्टकटमध्ये डेटा नसतो.

टॅलीचं तसंच. वाशीच्या एपीएमसी बाजारातल्या गाळ्यावरचा पीसी फॉरमॅटला देताना ‘डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घ्या’ एवढंच सांगितलं जातं, आणि टॅलीचा डेटा सहसा या दोन्हींत नसतो. टॅली उघडा, कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटा पाथ दिसतो, तो लिहून घ्या आणि तेच फोल्डर कॉपी करा. टॅलीतूनच बॅकअप घेतलात तर आणखी चांगलं. फॉरमॅटपूर्वी लायसन्स सरेंडर करायला, म्हणजे त्या पीसीवरून सोडवून घ्यायला विसरू नका, नाहीतर रिटर्न भरायच्या दिवशी लायसन्ससाठी धावपळ होते.

फॉन्टची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती फक्त आपल्याकडची आहे आणि परगावच्या कुठल्याही सल्ल्यात सापडत नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या वर्षानुवर्षांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका असतात. फाइल वाचली, फॉन्ट गेला, की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. तोच फॉन्ट परत टाकला की मजकूर जसाच्या तसा येतो. म्हणून विंडोजमधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर आधी कॉपी करा. फक्त एका युजरपुरते टाकलेले फॉन्ट ॲपडेटातल्या लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरात सापडतात, तेही घ्या. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालायला यूएसबीत लावावी लागणारी किल्ली) असेल तर ते कुठे आहे हेही आत्ताच बघा.

गरज नसताना फॉरमॅट

विंडोज चालू होत असेल तर पेनड्राइव्हवरून बूट करायची घाई का? चालू विंडोजमधूनच पेनड्राइव्हवरचा सेटअप उघडा आणि ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ निवडा. सिस्टम फायली नव्या होतात, सॉफ्टवेअर आणि डेटा जागेवर राहतो. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे विंडोज अपडेटमधून तीच आवृत्ती पुन्हा टाकायची सोयही आहे. अनेक बिघाड एवढ्यावर मिटतात. तरीही बॅकअप आधी. मध्येच महावितरणची लाइट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसला तर हेही अर्धवट राहू शकतं.

पार्टिशनच्या स्क्रीनवरची घाई

पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना डिस्कचा कुठला भाग (पार्टिशन) वापरायचा हे विचारलं जातं. इथे सी, डी, ई ही ओळखीची अक्षरं दिसत नाहीत. ‘डिस्क ० पार्टिशन ३’ अशी नावं आणि आकार दिसतात, आणि डी समजून सी किंवा सी समजून डी पुसला जातो. आदल्या दिवशी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून कुठलं पार्टिशन किती जीबीचं आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. बाहेरची हार्डडिस्क काढून ठेवा. दोन डिस्क असतील तर डेटाची डिस्क तेवढ्यापुरती सोडवा.

‘एमबीआर पार्टिशन टेबल’मुळे (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत; नवी ती जीपीटी) विंडोज टाकता येत नाही असा संदेश आला की सगळी पार्टिशन डिलीट करायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका, त्यात डी ड्राइव्हसुद्धा जातो. एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजचंच टूल डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. स्क्रीनवर एकही डिस्क दिसली नाही तर ती मेली असं धरू नका. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपना स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा लागतो. इन्स्टॉलेशनसाठी निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो, तेव्हा मुंजीचे फोटो असलेला घेऊ नका.

कुलूप आहे हे माहीत नसणं

नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप, आपोआप चालू असू शकतं. मग ४८ आकडी रिकव्हरी की लागते, आणि ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्या खात्यात असते. ते खातं दुकानातल्या मुलाचं नाही ना, हे विंडोज चालू आहे तोवर तपासा. ती रिकव्हरी की कागदावर उतरवा. किल्ली नसेल तर कोणीही डिस्क उघडून देऊ शकत नाही.

टाकून झालं, फायली दिसत नाहीत?

त्याच पार्टिशनवर फॉरमॅट न करता विंडोज टाकलं असेल तर जुना डेटा सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’मध्ये, त्यातल्या ‘युजर्स’मध्ये असतो. परवानगी नाही असं आलं तर ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा, मोठ्या फोल्डरला वेळ लागतो. लगेच बाहेर कॉपी करा. अपग्रेडनंतर हे फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. डेस्कटॉप रिकामा दिसला तर आधी त्याच जुन्या मायक्रोसॉफ्ट खात्याने वनड्राइव्ह या ऑनलाइन साठ्यात लॉगिन करून बघा, पुष्कळदा सगळं तिथे सापडतं.

चुकीचं पार्टिशन पुसलं गेलंच तर संगणक ताबडतोब बंद करा. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणं ही सगळ्यात महागडी चूक. साध्या हार्डडिस्कवरून बरंच परत येऊ शकतं. एसएसडीवर मात्र ‘ट्रिम’ या तिच्या आपोआप सफाईमुळे मोकळी झालेली जागा लवकर साफ होते आणि मग जाणकारालाही फारसं काही करता येत नाही, म्हणून तिथे बॅकअपला पर्याय नाही. आणि तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून, दोन-चार फायली चालवून बघितल्याशिवाय फॉरमॅटचं बटण दाबू नका.