काळ्या मातीवरचे वाचनालय

यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात वाचनालय आणि समाजमंदिर एकाच आवारात बांधायचे होते. वास्तुविशारद म्हणून ते माझे पहिले स्वतंत्र काम. जागा मी मे महिन्यात पाहिली, तेव्हा जमिनीच्या भेगांत सहज हात जात होता आणि कुदळ मारली तरी ढेकूळ फुटत नव्हते. त्या कडकपणाला भुलून मी माती परीक्षण टाळले, शेजारच्या जुन्या घराच्या पायाचीच खोली धरली आणि खोदून काढलेली काळी माती जोत्यात परत भरू दिली.

दुसऱ्या पावसाळ्यात अभ्यासिकेची फरशी मधोमध उचलली गेली, दारे चौकटीत अडकू लागली आणि पुस्तकांची लोखंडी कपाटे पुढे झुकली. ग्रंथपाल बाईंनी कपाटांखाली विटांचे तुकडे सरकवले होते. त्यांनी एक शब्दही न बोलता ते मला दाखवले.

काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि ही उठबस दरवर्षी चालते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असल्यास अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यावेत आणि प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईखाली) मोकळी फट सोडावी, म्हणजे फुगलेली माती बीमला उचलणार नाही. जोत्यात मुरूमच भरावा, छताचे पाणी पायाजवळ मुरू देऊ नये. गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मला आधीच बजावले होते, "साहेब, हे जमीन पावसात फुगते जी, मुरूम लागंपर्यंत खोदा." पदवीच्या गुर्मीत मी ते हसण्यावारी नेले. माझ्या मते शहरातल्या नामांकित कार्यालयातील वर्षभराच्या उमेदवारीपेक्षा अशा मिस्त्रीसोबतचा एक पावसाळा अधिक शिकवतो. तयार नकाशे विकत घेणाऱ्यांना तर तोही लाभत नाही.

घाबरून मात्र जाऊ नका. माझी इमारत उभी आहे. जोत्यातील माती उपसून मुरूम भरला आणि फरशी नव्याने घातली, त्यात माझे मानधन गेले.

पुस्तकांचे वजनही हलके समजू नये. राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलो वजनाइतका) भार धरतात, तर २.२ मीटर उंचीपर्यंतच्या ग्रंथसंग्रहासाठी ६. त्यामुळे संग्रह शक्यतो तळमजल्यावरच ठेवावा. समाजमंदिर आणि अभ्यासिका यांची भिंतही सामाईक नसावी, कारण लग्नाचा बँड वाजू लागला की स्पर्धा परीक्षेची मुले वह्या उचलून मारुतीच्या पारावर जाऊन बसतात.