फळ्यावरचा दिनविशेष कसा लिहावा

आमच्या परिपाठात प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार झाला की दिनविशेष वाचतात. व्हरांड्यातल्या त्या फळ्याचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. नव्याने हे काम गळ्यात पडलेल्यांसाठी लिहितेय.

पहिलं म्हणजे, व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारा तयार दिनविशेष तसाच उतरवू नका. मी उतरवला होता. 1 ऑगस्टला रंगीत खडूने ठसठशीत ‘लोकमान्य टिळक जयंती’ लिहिलं आणि सहावीतली एक मुलगी दप्तरासकट फळ्यापाशी थांबली. ‘बाई, जयंती गेल्या आठवड्यात झाली ना?’ झालीच होती. 23 जुलैला मीच तिला भाषण पाठ करून दिलं होतं.

तेव्हापासून वही घातली. तारखेला एक पान, 29 फेब्रुवारीचंही. घटना, साल, गाव आणि ती कुठे वाचली ते लिहायचं. दोन ठिकाणी जुळल्याशिवाय फळ्यावर जात नाही. मराठी विश्वकोश मोबाइलवरही उघडतो, तेव्हा सबब नको.

मग निवड. दहा ओळी लिहिल्या तर पोरं एकही वाचत नाहीत. एकच घटना घ्या आणि ती नीट सांगा. 1 ऑगस्ट 1920 हाच दिवस बघा. मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. थोडं आधी गेले असते तर पुण्यतिथी 31 जुलैला आली असती. असहकाराची सुरुवात त्याच दिवशी करायची, हे आधीच ठरलेलं होतं. गांधीजी मुंबईतच होते, अंत्ययात्रेत चालले. अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर झाले. आणि त्याच तारखेला इकडे वाळवा तालुक्यात वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले. तो रविवार होता, हे सांगितलं की मुलांना तो दिवस खरा वाटतो. (याच तारखेला महसूल दिनही असतो. वर्गात तलाठ्याचा मुलगा असेल तर कोपऱ्यात ती ओळ हवीच.)

कितवी जयंती, कितवी पुण्यतिथी, हे चालू सालातून जुनं साल वजा करून काढा. 2020 मध्ये त्या एकाच दिवशी टिळकांची शंभरावी पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची शंभरावी जयंती होती.

जुन्या तारखांना मात्र जपा. शिवजयंतीला कुणीतरी पालक ‘तारखेने की तिथीने?’ विचारणारच. मी दोन्ही लिहिते: 19 फेब्रुवारी 1630 आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. इंग्रजांनी 1752 मध्ये ते बदललं आणि 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला. नव्या मोजणीने महाराजांचा जन्मदिवस 1 मार्चला येतो. म्हणून वार मोबाइलवर शोधाल तर फसाल; तो मंगळवार दाखवेल, होता शुक्रवार.

लिहायचं आदल्या संध्याकाळी. फळा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. खडूचं टोक पाण्यात बुडवून लिहिलं की सुकल्यावर अक्षर पांढरंशुभ्र उठतं आणि मधल्या सुट्टीत कुणाच्या कोपराने पुसलं जात नाही. पुसताना हात भरून येतो, ते सोसा. मथळा एवढा मोठा हवा की पहिलीची रांगसुद्धा अक्षरं लावून वाचेल. बाकी सजावट, वेलबुट्टी वगैरे हौसेचा मामला.

शेवटची ओळ प्रश्नाची ठेवा, उत्तर लिहू नका. गेल्या 1 ऑगस्टला मी विचारलं, ‘वाटेगाव नकाशात कुठे आहे?’ दुपारपर्यंत ऑफिसातल्या सांगली जिल्ह्याच्या नकाशावर वाळवा तालुका बोटांच्या खडूने पांढरा झाला होता.