सीझन सुरू व्हायच्या आधी क्लबने पर्यावरणासाठी काय काय तयारी करून ठेवायची

एकदा मॅचेस सुरू झाल्या की कमिटीत कुणालाच वेळ नसतो, म्हणून हे सगळं आत्ताच उरकून घ्या. पहिलं काम, मागच्या वर्षीची लाईट आणि पाण्याची बिलं शोधून एका जागी ठेवा, आणि ते एकाच माणसाच्या गळ्यात घाला, कारण सगळे मिळून करू म्हटलं की कुणीच करत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो ग्रुपवर, बास.

मग प्रवास, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. आपण बाटल्या आणि पेपर कपांवर तासभर वाद घालतो, पण छोट्या क्लबच्या प्रदूषणाचा मोठा वाटा बहुतेक वेळा ग्राउंडवर येण्याजाण्यातच असतो. त्यामुळे रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्येच दोन प्रश्न घालून टाका, घर ग्राउंडपासून किती लांब आणि येता कशाने. त्यावरून कोण कोणाच्या गाडीतून येऊ शकतं ते लगेच कळतं (लहान मुलं असतील तर पालकांची परवानगी आधी घ्या, हे विसरू नका). फिक्स्चर (मॅचेसचं वेळापत्रक) लावणाऱ्यांना आत्ताच गाठा आणि ज्युनियर-सीनियरच्या बाहेरच्या मॅचेस शक्यतो एकाच दिवशी एकाच क्लबशी मागून घ्या, म्हणजे एका बसमध्ये काम होतं. प्रॅक्टिस शेवटची बस निघून गेल्यावर संपत असेल तर वेळ बदला, आणि सायकली लावायला नीट, उजेडातली जागा करा.

पाण्याचा हिशोब सोपा आहे, 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. 105 बाय 68 मीटरच्या फुटबॉल ग्राउंडवर नुसतं 10 मिलिमीटर मारलं तरी 71,400 लिटर गेले! म्हणून एक साधं पर्जन्यमापक लावा, पाऊस किती झाला ते बघूनच पाईप उघडा, आणि पाणी पहाटे द्या, दुपारी दिलेलं बरंचसं उडून जातं. गवत एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, आणि कापलेलं बारीक गवत तिथेच राहू द्या, खत कमी लागतं.

जुने मेटल हॅलाइड फ्लडलाइट बंद केले की परत पेटायला कितीतरी मिनिटं लागतात, म्हणून लोक ते मधल्या वेळात चालूच ठेवतात. एलईडीला लगेच जमत नसेल तर सगळ्या टीमच्या संध्याकाळच्या प्रॅक्टिस सलग लावा, मध्ये गॅप नको.

किटवर वर्ष आणि खेळाडूचं नाव छापू नका प्लीज, चांगले टीशर्ट त्यामुळेच वाया जातात. मुलांचे लहान झालेले बूट जमा करायला एक खोका ठेवा. बॅडमिंटनवाल्यांनो, एका शटलला 16 पिसं लागतात, मॅचमधून बाद झालेली शटल सरावाला वापरा.

कुणी कृत्रिम टर्फचा विषय काढलाच तर आधी विचारा की त्याच्या प्लास्टिकच्या पात्यांमध्ये भरायला काय घालणार, कारण युरोपियन युनियनने 2023 मध्ये नियम केलाय आणि ऑक्टोबर 2031 पासून तिथे प्लास्टिक-रबरचे दाणे टर्फसाठी विकता येणार नाहीत. आधीच असं टर्फ असेल तर गेटवर बूट झाडायला ब्रश लावा, ते दाणे बुटांतून गटारात जातात.

आणि ट्रॉफ्यांची ऑर्डर द्यायच्या आधी कपाटं उघडून बघा, जुन्यांवर नुसती नवी पट्टी लावून चालतं का ते.