नक्कल न करता: पूर्व आशियाई नटाचा एकपात्री प्रयोग कसा उभा करायचा

ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत वाढलेला, चिनी, कोरियन किंवा जपानी घरातला नट स्वतःला मिळणाऱ्या भूमिकांवर एकपात्री लिहायला घेतो, तेव्हा पहिल्या तालमीतच एक पेच समोर येतो. टेकअवेचा (घरी न्यायचं जेवण विकणाऱ्या दुकानाचा) मालक, टोळीतला गुंड, मसाज पार्लरमधली मुलगी, मान खाली घालून आकडेमोड करणारा शास्त्रज्ञ हे साचे दाखवायचे तर करून दाखवावे लागतात. करून दाखवले की प्रेक्षक हसतात, आणि ज्या नकलेविरुद्ध उभं राहायचं तिचाच आणखी एक प्रयोग होतो. या पेचातून सुटायची एकच खात्रीची वाट आहे: नक्कल दाखवू नका, नक्कल मागणारी खोली, म्हणजे ऑडिशनची खोली, दाखवा. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

सुरुवातीला शब्द नक्की करा. ब्रिटनमध्ये नुसतं ‘एशियन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भारतीय, पाकिस्तानी किंवा बांगलादेशी माणूस येतो. अमेरिकेत त्याच शब्दानं आधी चिनी, कोरियन, जपानी किंवा फिलिपिनो माणूस आठवतो. त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत घर कुठलं, गाव कुठलं, घरात कुठली भाषा हे कळलंच पाहिजे. ‘पूर्व आशियाई’ ही मोठी छत्री आहे. प्रयोग तिच्याखालच्या एकाच घराचा होऊ शकतो, सगळ्यांच्या वतीनं बोलायला गेलं की तो भाषण होतो. आणि ज्याचं घर या छत्रीखालचं नाही, त्यानं दिग्दर्शन करावं, प्रकाशयोजना करावी, निर्मिती करावी. रंगमंचावर मात्र उभं राहू नये.

सामग्री

गेल्या तीन-चार वर्षांत आलेल्या ऑडिशनच्या सूचना काढा. त्यातली विशेषणं आणि क्रियापदं एका वहीत उतरवा: ‘नाजूक’, ‘गूढ’, ‘वाकून नमस्कार करते’, ‘मोडकं बोलतो’. चाळीस-पन्नास शब्द जमले की त्यात पाच-सहाच शब्द फिरून फिरून येताना दिसतात. तोच प्रयोगाचा कच्चा माल. मात्र ऑडिशनसाठी आलेली मूळ पानं जशीच्या तशी वाचू नका. त्यांवर लेखकाचा हक्क असतो आणि बऱ्याचदा गुप्ततेची अटही असते. स्वतःचं पान लिहा, आठ ओळींपेक्षा मोठं नको. कास्टिंग करणाऱ्या माणसांची नावं घेऊ नका. तीन-चार खोल्यांतले अनुभव एकाच खोलीत आणा, म्हणजे बदनामीच्या खटल्याचा धोकाही कमी होतो.

इतिहास हवाच, पण सगळा मिळून चार मिनिटांचा, आणि तोही एका ठिकाणी रचून नव्हे. प्रत्येक तथ्य ज्या प्रसंगाला उत्तर देतं त्याच्या शेजारी ठेवा. १९३७च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका लुईझ रायनर या गोऱ्या अभिनेत्रीला मिळाली आणि तिला ऑस्करही मिळालं. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या अ‍ॅना मे वाँगला ती भूमिका हवी होती. नवऱ्याच्या भूमिकेत गोरा नट ठरलेला होता, आणि हॉलिवूडच्या नियमावलीत वेगवेगळ्या वंशांच्या कलाकारांमधले प्रेमसंबंध पडद्यावर चालत नव्हते. हे तथ्य नायिकेच्या भूमिकेसाठी ‘तू बसत नाहीस’ असं ऐकावं लागणाऱ्या प्रसंगाशेजारी ठेवा.

१९८९मध्ये लंडनला ‘मिस सायगॉन’ ही संगीतिका उघडली तेव्हा जोनाथन प्राइस या गोऱ्या नटानं पापण्यांवर कृत्रिम पट्ट्या लावून आणि कातडी रंगवून ‘इंजिनिअर’ हे युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचं) पात्र केलं. १९९०मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेनं त्याला तिथे ती भूमिका करायला आधी नकार दिला आणि काही दिवसांतच तो नकार मागे घेतला. १९९१मध्ये त्यानं ब्रॉडवेवर तीच भूमिका केली. २०१२मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीनं ‘द ऑर्फन ऑफ झाओ’ हे चिनी अभिजात नाटक केलं. सतरा कलाकारांपैकी पूर्व आशियाई तिघे, आणि त्यांच्या वाट्याला मोलकरीण आणि कुत्रा. हे वाक्य बोलून झालं की दोन सेकंद थांबा आणि पुढे चला. टिप्पणी जोडलीत तर त्याची धार जाते.

‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मधल्या (१९६१) युनिओशीची, म्हणजे गोऱ्या मिकी रूनीनं पुढे आलेले नकली दात लावून केलेल्या जपानी शेजाऱ्याची, क्लिप पडद्यावर दाखवायचा मोह अनेकांना होतो. दाखवू नका. परवानगीचा खर्च तर आहेच, पण खरी हानी वेगळी आहे: प्रेक्षागृहातली सगळ्यात मोठी प्रतिमा त्या पुढे आलेल्या दातांची होते आणि नट तिच्यापुढे लहान दिसतो.

लांबी

स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या ‘फ्रिंज’सारख्या कलामहोत्सवात प्रत्येक प्रयोगाला साधारण तासाभराचा स्लॉट (ठरलेला वेळ) असतो, आणि प्रेक्षक आत घेणं, बाहेर काढणं त्यातच येतं. म्हणून प्रयोग ५० ते ५२ मिनिटांचा धरा. त्यातली आठ मिनिटं शांतता, हालचाल आणि ध्वनीची. उरलेल्या वेळेत, मिनिटाला १२५ शब्दांच्या वेगानं, इंग्रजी संहिता ५,२०० ते ५,५०० शब्दांची बसते. पहिला खर्डा याच्या दीडपट होणं नेहमीचंच आहे. कापताना आधी वंशवादाचं स्पष्टीकरण कापा, घरातले प्रसंग शेवटी.

कास्टिंगची खोली

हा प्रयोगाचा कणा आहे, त्यावर तालमीचा एक तृतीयांश वेळ गेला तरी चालेल. जमिनीवर पांढऱ्या टेपनं दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन. वरून एकच थंड पांढरा दिवा. नट हातात कागद घेऊन चौकोनात उभा. कास्टिंग करणाऱ्याचा आवाज काळोखातून येतो. नटाची ओळ एकच: “दहा मिनिटांत पार्सल तयार होईल.”

पहिल्यांदा नट ती स्वतःच्या बोलीत म्हणतो. लीड्सचा असेल तर लीड्सच्या, ग्लासगोचा असेल तर ग्लासगोच्या. आवाज म्हणतो, “छान! आता जरा अस्सल?” दुसऱ्यांदा ओळ तीच, उच्चार तोच, फक्त वेग कमी. “सुंदर. अजून थोडं. घरी आईवडील बोलतात ना, तसं.” तिसऱ्यांदा नट श्वास घेतो, दिवा निम्म्यावर येतो, ओठ हलतात आणि आवाज येत नाही. चार सेकंद. मग काळोखातून, मनापासून खूश होऊन: “हं, अगदी हेच!”

प्रेक्षकांनी मागणी ऐकली, नक्कल ऐकलीच नाही. ती त्यांच्या डोक्यात वाजली, आणि ती तिथे आधीपासून होती हे त्यांना तेव्हाच उमगतं.

हे बिघडतं कुठे? एक, काळोखातला आवाज खलनायकाचा केला की प्रेक्षक सुटतात, कारण ‘आपण असे नाही’. आवाज सौजन्यशील हवा, आभार मानणारा हवा, आणि तीन वेगवेगळ्या माणसांकडून ध्वनिमुद्रित केलेला हवा. दोन, सगळे संवाद एकाच फाइलमध्ये असले की विराम ठरून जातात आणि नट त्यांच्यामागे धावतो. प्रत्येक वाक्य वेगळं कापा आणि ध्वनी सांभाळणाऱ्या ऑपरेटरला नटाच्या श्वासावर क्यू द्यायला (ठरलेल्या क्षणी ध्वनी सोडायला) शिकवा. तीन, मुक्या ओळीत ओठ फार हलवले की मूकाभिनय होतो. तालमीत ती ओळ खरोखर कुजबुजून म्हणा, मग नुसता आवाज काढून घ्या. चौथी फेरी घालू नका. तीननंतर प्रेक्षक पुढचं ओळखतात.

ल, र आणि आई

कास्टिंगच्या खोलीत मागितला जातो तो ‘ओरिएंटल उच्चार’ प्रत्यक्षात कुठेच बोलला जात नाही, आणि हे रंगमंचावर दीड मिनिटात दाखवता येतं. जपानीत ‘ल’ आणि ‘र’ असे दोन वेगळे ध्वनी नाहीत, मधलाच एक आहे. कोरियनमध्ये एकच वर्ण दोन स्वरांमध्ये ‘र’सारखा आणि शब्दाच्या शेवटी ‘ल’सारखा येतो. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत, दोन्ही वेगळे आहेत. हाँगकाँग आणि दक्षिण चीनमध्ये बोलल्या जाणाऱ्या कँटोनीजमध्ये ‘ल’ आहे, ‘र’ नाही, आणि हाँगकाँगमध्ये अनेकांची खरी सरमिसळ ‘न’ आणि ‘ल’ची होते. नटानं हे शिक्षकासारखं सांगावं, एकही इंग्रजी शब्द मोडून न दाखवता. परक्या भाषेतली ओळ असेल तर ती खरी हवी; त्याच शहरात वाढलेल्या दोन माणसांकडून तपासून घ्या. चिनीसारख्या सुरांच्या भाषेत चुकलेला सूर म्हणजे चुकलेला शब्द. चिनी बोलण्याची टर उडवणारं पोकळ ‘चिंगचाँग’ कुठल्याही निमित्तानं नको, निषेधाच्या निमित्तानंही नको.

सगळ्यात प्रेमानं केलेली चूक आईच्या किंवा आजीच्या पात्रात होते. नट मायेनं तिचा उच्चार काढतो, प्रेक्षक मायेनं हसतात, आणि आई त्याच साच्यात जाऊन बसते. उपाय असा: घरात आई स्वतःच्या भाषेत बोलते, म्हणजे अस्खलित बोलते, टोमणे मारते, अर्ध्या वाक्यात विषय बदलते. म्हणून घरातलं तिचं बोलणं नटाच्या स्वतःच्या उच्चारात, भरधाव वेगानं करा. मग फोन वाजतो, बँकेचा. आता तीच बाई एकेक शब्द शोधते, वाक्य लहान होतं, आवाज वर जातो, उजवा हात फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहतो. उच्चार इथेही काढू नका. शब्द कमी करा, तेवढं पुरतं. फोन ठेवल्यावर पुन्हा तोच झपाटा. वीस सेकंदांत कळतं की भाषा बाईची मोडकी नव्हती, जागा परकी होती.

ते नऊ सूर

चित्रपटात चिनी माणूस आला की वाजणारी एक नऊ सुरांची धून आहे. ती चीनची नाही, पाश्चात्त्य रंगमंचावरच्या आणि करमणुकीच्या संगीतातून घडलेली आहे. १९७४च्या ‘कुंग फू फायटिंग’ या गाण्यामुळे ती घराघरांत गेली. प्रयोगात गाण्याचं ध्वनिमुद्रण वापरू नका, पियानोवर स्वतः वाजवून घ्या. पहिले चारच सूर वाजवा आणि तोडा. उरलेले पाच प्रेक्षक मनात पुरे करतात. नट फक्त त्यांच्याकडे पाहतो. हे एकदाच.

नेपथ्य आणि क्यू

एक खुर्ची, कपडे टांगायची एक चाकांची दांडी, चार हँगर. चिपाओ (चिनी बायकांचा अंगाबरोबर बसणारा झगा), किमोनो, काळा सूट, पांढरा लॅब कोट, प्रत्येकाला ऑडिशनच्या क्रमांकाची चिठ्ठी. यातलं काहीही अंगावर घालू नका. हँगरसकट पुढे धरा आणि परत टांगा. एकट्या माणसाला पाच मिनिटांत मांडता आणि आवरता आलं पाहिजे. महोत्सवात तांत्रिक तालीम बहुधा एकदाच आणि मोजक्या तासांची मिळते, तेव्हा ध्वनी आणि प्रकाश मिळून चाळीसच्या आत क्यू ठेवा.

हशाचा नकाशा

स्वतःचं दिग्दर्शन स्वतः करू नका. कुठला हशा कशावर आला हे आतून कळत नाही. तालमीच्या शेवटच्या आठवड्यात दोन चाचणी प्रयोग लावा. एकात बहुसंख्य प्रेक्षक पूर्व आशियाई, दुसऱ्यात बहुसंख्य गोरे, प्रत्येकी पंधरा-वीस जण पुरेत. सहायकानं संहितेवर दोन रंगांच्या पेन्सिलींनी हशाच्या जागा मांडाव्यात. दोन्ही रंग एकत्र असतील ती जागा भक्कम. फक्त पहिला रंग असेल तर ती घरातली गोष्ट आहे, ठेवा, समजावू नका. फक्त दुसरा रंग असेल तर थांबा आणि हसण्याच्या आधीचा शब्द पाहा. तो शब्द नटाच्या शरीराबद्दल किंवा बोलण्याबद्दल असेल तर ओळ काढा, किंवा हशा मागणाऱ्याच्या वाक्यावर सरकवा.

शेवटची पाच मिनिटं

प्रेक्षकांकडून शपथ घेऊ नका, साचे जाळू नका, ड्रॅगन नाचवू नका. ज्या भूमिकेसाठी या नटाला कधी बोलावलं गेलं नाही ती करा. शेक्सपिअरचं एखादं स्वगत, तीन-साडेतीन मिनिटांचं, अख्खं, चौकोनाच्या बाहेर, उबदार प्रकाशात. त्याआधी प्रस्तावना नाही, नंतर काळोखातून आवाज नाही. इथे अभिनय कमी पडला तर आधीची पंचेचाळीस मिनिटं तक्रार ठरतात, म्हणून हे स्वगत पहिल्या दिवसापासून तालमीत ठेवा.

पोस्टर आणि नंतरची चर्चा

ब्रशच्या फटकाऱ्यांसारखी ‘चिनी’ अक्षरं पोस्टरवर नकोत; त्या शैलीचा टाइप १८८३च्या सुमाराला अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये ओतला गेला, चीनशी त्याचा संबंध नाही. पंखा, चॉपस्टिक, लाल-सोनेरी पार्श्वभूमी हेही टाळा. नटाचा चेहरा आणि पांढरा चौकोन पुरे. छायाचित्राखाली नाव कसं लिहायचं, आडनाव आधी की नंतर, हे वार्ताहरांना लेखी कळवा.

प्रयोगानंतर चर्चा ठेवायची असेल तर वीस मिनिटांची, आणि नटाला आधी दहा मिनिटं एकटं सोडून. सूत्रसंचालन दुसऱ्या कुणाकडे द्या. ‘पण तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न येणारच. तो सूत्रसंचालकानं घ्यावा, नटानं नाही. रोज प्रयोग असतील तर आठवड्यातून एक दिवस सुट्टी घ्या आणि चर्चा दिवसाआड ठेवा. मुक्या ओळीचा प्रसंग सलग दहा दिवस केल्यावर काही नटांना घरीही बोलताना घशात अडकल्यासारखं होतं. अशा वेळी प्रयोगाच्या आधी आवाजाचा सराव पाच मिनिटं वाढवा, आणि प्रसंग संपल्यावर विंगेत जाऊन ती ओळ एकदा मोठ्यानं, स्वतःच्या बोलीत म्हणून घ्या.